प्रसाद उजवा झाला, मग टिपर का गेला?

दुसरा टिपर
काल एका काकांनी आपल्या गोव्याच्या या धाग्यावर लिहिलं: "खाण बंद पडली, कोविड आला, आता एआय नोकऱ्या खाणार म्हणतात. मी कधी घाबरलो नाही. आपला राखणदार देव बसलाय. घाबरतो तो, ज्याचा विश्वास कच्चा." खाली हात जोडणाऱ्यांची रांग. मी उत्तर तीनदा लिहून पुसलं. आता पुसत नाही.

2011 च्या दिवाळीनंतर आमच्या बाबांनी प्रसाद घेतला, म्हणजे मूर्तीला पाण्याने कळ्या चिकटवून कौल लावला: उजवी पडली तर हो, डावी पडली तर नको. खाणीचा माल वाहणारा एक टिपर होताच, कर्ज काढून दुसरा घेऊ की नको? भटांनी गाऱ्हाणं घातलं, आम्ही सगळे देवळाच्या चौकात श्वास धरून उभे. उजवी कळी पडली. आईने तिथेच डोळे पुसले. सप्टेंबर 2012 मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने. नवे टायर अंगणात उन्हाने तडकले. 2014 ला बंदी उठली, पण वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा, म्हणजे ट्रक शंभर नि फेऱ्या दहा. तोवर दुसरा टिपर बँकेने नेलाही होता. 2018 च्या फेब्रुवारीत कोर्टाने 88 लीजांचं नूतनीकरण रद्द केलं, मार्चात पुन्हा सगळं ठप्प, पहिला भंगारात. बाबा दर सोमवारी अनवाणी देवळात जायचे. विश्वास कच्चा होता म्हणून हप्ते थकले का? काकांनी सांगावं. पेन्शन येत असलेल्या माणसाला देवावर भरवसा ठेवायला काय जातं?

तारवट्याची बायल
काकांची भाषा मलाही टोचली. पण तुमचीही टोचते. 2020 च्या एप्रिलात माझा नवरा बोटीवर. बोट किनाऱ्यावरून दिसत होती म्हणतात, उतरू कोणी देत नव्हतं. सरकारी फोन लागत नव्हते, एजंट उचलत नव्हता. देवळंही बंद. मी घरच्या तुळशीसमोर गाऱ्हाणं घातलं आणि म्हापशाच्या बोडगेश्वराला आंगवण केली, नवस बोलले, वहाणा वाहीन म्हणून. तो जागेवाला, म्हणजे जागा राखणारा देव, रात्री हातात दिवटी घेऊन फिरतो. मला रात्री झोप लागावी एवढंच हवं होतं, आणि लागली. नवरा मे महिन्यात आला. सरकारने आणला की देवाने, मी हिशेब केला नाही. वहाणा वाहिल्या.

दुसरा टिपर
झोप लागली, मान्य. झोपेच्या गोळीनेही लागते.

तारवट्याची बायल
गोळी घेऊन बघितली होती. विचारलंत म्हणून सांगते. नव्हे, विचारलं नव्हतंतच.

पिटकुळी
मुद्द्याचं कोणी बोलत नाही. कळ्या लावतो कोण? पाण्यात जास्त बुडवली तर चिकटून राहते, कमी बुडवली की पटकन पडते. आमच्या देवळात दक्षिणा बघून कळी भिजते. लहानपणापासून बघतोय.

भटाचो पूत
आलं का भटावर! माझा बाप पहाटे चारला उठून विहिरीचं पाणी काढतो. थंडीत हात फुटलेले. महिन्याला जे मिळतं ते ऐकून तू हसशील. लोक येतात, "भटजी, जरा उजवा होईल असं बघा" म्हणून कानात सांगतात. हो, सांगतात! मंत्र्याच्या घरचेही सांगतात. बाप म्हणतो, मी फक्त लावतो, पाडतो तो. आणि कौल म्हणजे लॉटरीचा आकडा नव्हे. देवाने 'कर' म्हटलं म्हणजे 'तोटा होणार नाही' असं लिहून दिलं नाही.

पिटकुळी
वा. उजवा झाला आणि चाललं तर देवाची कृपा, बुडालं तर तुझं कर्म. असा धंदा मलाही द्या. आणि एक विचारू? तुझा बाप गर्भकुडीत, म्हणजे गाभाऱ्यात जातो, महाजन, देवळाचे वंशपरंपरेचे हक्कदार, चौकात जातात, आमच्या वाड्यावरच्यांनी कुठवर यायचं ते कोणी ठरवलं? राखणदार सगळ्यांचा ना?

भटाचो पूत
ते माझ्या बापाने ठरवलं नाही. महाजनांना विचार. 1933 चा पोर्तुगिजांचा देवस्थान कायदा अजून चालतो, त्याला विचार.

आंतरूजकर
मी महाजन. आमच्या देवळाचं छप्पर, पालखी, रंगरंगोटी, सगळ्याची वर्गणी आम्ही भरतो. हक्क आकाशातून पडलेला नाही.

पिटकुळी
पालखी खांद्यावर कोण घेतं? दिवट्या कोण धरतं? ढोल-ताशा कोण वाजवतं? वर्गणीचा हिशेब लिहिता तसा घामाचाही एकदा लिहा.

आंतरूजकर
धाग्याचा विषय काय, तू बोलतोस काय! तुझ्यासारख्यांमुळेच देवळात राजकारण शिरलं.

पिटकुळी
शिरलं नाही, आधीपासून बसलेलं होतं. तुम्ही त्याला परंपरा म्हणत होता.

निवृत्त मास्तर
भांडा, पण इतिहास धरून. मंगेश मूळ कुठ्ठाळीचा. 1560 च्या सुमारास देवळं पडू लागली तेव्हा लोकांनी लिंग उचललं, जुवारी नदी ओलांडली आणि प्रियोळात आणून ठेवलं. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, दामोदर मडगावहून जांबावलीला. रात्री, होडीतून, जीव मुठीत धरून. तेव्हा कोणी कोणाला राखलं? माझं मत, लोकांनी देवाला. आणि त्याच जांबावलीच्या दामोदराचा नारळ सव्वाशे वर्षांपूर्वी साथ आली तेव्हा वास्कोवाल्यांनी आणला, भजनाला बसले. वास्कोचा सप्ताह अजून चालतो. साथ भजनाने गेली असं मी म्हणणार नाही. पण साथीत लोक एकमेकांना सोडून पळतात, हे एकत्र बसले. तेवढं मी देवाच्या खात्यावर टाकतो, नाइलाजाने.

आंतरूजकर
नाइलाजाने का होईना, मास्तरांच्या तोंडून देव निघाला. पेढे वाटा.

कामुर्लीचें चेडूं
मास्तर, एक गंमत. गेल्या महिन्यात आमच्या शेजाऱ्यांनी मुलाच्या पोर्तुगाल पासपोर्टसाठी प्रसाद घेतला. त्यासाठी लागणारी लिस्बनची जन्मनोंद होईल की नाही. आता तुम्हीच सांगा, जो देव पोर्तुगिजांना भिऊन नदी पार करून आला, त्याने यावर काय म्हणावं?

निवृत्त मास्तर
काय झाला?

कामुर्लीचें चेडूं
उजवा.

भटाचो पूत
यात हसण्यासारखं काय? पोरगं इथे बारा हजारांवर राबतंय. आईबापांनी आणखी कुठे विचारायचं?

पिटकुळी
हे मात्र खरं. पहिल्यांदाच तुझं पटलं, लिहून ठेव.

दुसरा टिपर
धागा बाबांना वाचून दाखवला. मला वाटलं माझ्या बाजूने बोलतील. बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "प्रसाद मी दोनदा घेतला होता. पहिल्यांदा डावा झाला. तू कॉलेजात होतास, तुला माहीत नाही. आठ दिवसांनी परत गेलो, गाऱ्हाणं जरा बदलून घातलं." आईला माहीत होतं म्हणे. तेरा-चौदा वर्षं मी देवाला शिव्या देतोय.

काकांचं म्हणणं तरीही पटत नाही. एवढं स्पष्ट असू दे.

तारवट्याची बायल
बाबांना सांगा, डावा झाल्यावर परत जाणारे ते एकटे नव्हेत. मीही गेलेली आहे.

भटाचो पूत
आता भटाची माफी माग.

दुसरा टिपर
मी भटाला कुठे बोललो? पिटकुळी बोलला. आणि डावा झालेला असताना भटाने दुसऱ्यांदा कळ्या लावल्याच का, ते आधी बापाला विचारून सांग.