अर्धा हत्ती पाण्यात

रविवार. ग्रुपचं नाव : आपली सोसायटी (फक्त कामाचे मेसेज)

कदम, सेक्रेटरी : नमस्कार. आज टाकीसफाई. १० ते २ पाणी बंद. बादल्या भरून ठेवणे. नंतर फोन करू नयेत.

स्वप्नाली, बी-२०२ : (फोटो)
हे बघा!! वर आकाश, झाडं, पाठीवर माहूत. खाली निळंशार पाणी आणि चार पाय. सकाळपासून तिसऱ्यांदा बघतेय. दूध उतू गेलं.

नसीम भाभी, बी-१०३ : सुभानल्ला! हा तर हवेत चालतोय.

साने आजी, ए-१०१ : गजेंद्रमोक्ष. सोंडेत कमळ तेवढं नाहीये. 🙏

कदम, सेक्रेटरी : ग्रुपचं नाव वाचावे ही विनंती.

साने आजी, ए-१०१ : कदम, हत्ती पाण्यात आहे आणि आज पाण्याचाच विषय चालू आहे. कामाचाच मेसेज आहे.

पाटील काका, ए-३०४ : एआय आहे. शंभर टक्के.

स्वप्नाली, बी-२०२ : काका, असं कसं लगेच?

पाटील काका, ए-३०४ : ३२ वर्षं ड्रॉइंग ऑफिसात काढली, प्रमाण कळतं मला. पाण्याखालचे पाय बघ आणि वरचं डोकं बघ. पाय एका हत्तीचे, डोकं दुसऱ्याचं. पोटाची रेषसुद्धा पाण्यापाशी जुळत नाही. कुणीतरी दोन फोटो चिकटवलेत.

ओंकार, सी-५०१ : काका, नजर बरोबर, निकाल चुकला. तो बेजोडपणा असतोच. ग्लासातला चमचा वाकडा दिसतो ना, तसंच. सपाट काचेतून पाण्यातली वस्तू जवळजवळ एक तृतीयांश मोठी दिसते. म्हणून अशा फोटोला कॅमेऱ्यापुढे काचेचा किंवा ॲक्रिलिकचा अर्धगोल लावतात, डोम म्हणतात त्याला. त्याने फरक बराच कमी होतो. पण लेन्स डोमच्या बरोबर मध्यावर बसली नसेल तर थोडा उरतोच. उलट दोन्ही भाग अगदी तंतोतंत जुळले असते तर मलाच शंका आली असती.

पाटील काका, ए-३०४ : आणि मधली ती काळपट जाड रेघ?

ओंकार, सी-५०१ : पाणी काचेला चिकटून किंचित वर चढतं, त्याची कड. डोम लहान असेल तर रेघ जाड आणि लाट आली की सगळं गेलं. डोम मोठा असेल तर रेघ बारीक. म्हणून लोक वीतभर रुंदीचे डोम घेऊन फिरतात आणि विमानतळावर सामानाचे पैसे भरतात.
खरी डोकेदुखी फोकसची. पाण्यातला हत्ती खरा दहा फुटांवर असला तरी डोममधून लेन्सला तो हातभर अंतरावर असल्यासारखा दिसतो. वरचा माहूत मात्र आहे तिथेच. दोघं एकदम स्पष्ट हवेत तर लेन्सचं भोक अगदी बारीक करायचं, एफ ११, एफ १६. भोक बारीक केलं की उजेड कमी, आणि पाण्याखाली तो आधीच कमी. म्हणून असले फोटो ऊन डोक्यावर असतानाच काढतात.

नसीम भाभी, बी-१०३ : आणि वरच्या काचेवर थेंब नाही राहत?

ओंकार, सी-५०१ : राहतात ना भाभी. डोम बुडवायचा, वर काढायचा, पाणी ओघळायच्या आत बटण दाबायचं. काहीजण डोमला थुंकी चोळतात, म्हणजे थेंब न होता पाणी सपाट पसरतं.

साने आजी, ए-१०१ : शी! एवढा महागाचा कॅमेरा आणि थुंकी?

ओंकार, सी-५०१ : आजी, मी चाटलाय. खारट लागतो.
तारकर्लीला दोनदा प्रयत्न केला. वरचा अर्धा सुंदर, माड, होडी, सगळं. खालचा अर्धा म्हणजे कोथिंबिरीच्या चटणीत पाणी घातल्यासारखा. आपल्या किनाऱ्याला गाळ आणि शेवाळ, त्यात चूक कुणाची नाही. अंदमानात पाणी काचेसारखं.

जोशी वहिनी, सी-३०२ : अंदमान? थांबा. हा राजन आहे का? हॅवलॉकचा?

स्वप्नाली, बी-२०२ : वहिनी तुम्ही नावाने ओळखता हत्तीला??

जोशी वहिनी, सी-३०२ : सुळे आणि मागचं जंगल बघून वाटतंय. आम्ही २०१५ ला पाहिला त्याला, राधानगरच्या किनाऱ्यामागे जंगलात, झाडाखाली उभा. तेव्हा पोहत नव्हता, म्हातारा झाला होता. ह्यांनी विचारलं, पाण्यात कधी जाणार? माहूत म्हणाला, साहेब, रिटायर झाला. ह्यांची स्वतःची रिटायरमेंट पुढच्या महिन्यात होती. पुढे दोन दिवस ते गप्पच होते.

पाटील काका, ए-३०४ : हत्ती समुद्रात हौसेने पोहतो हे मात्र पटत नाही.

जोशी वहिनी, सी-३०२ : हौसेने नाहीच काका, तेच सांगतेय. तिथे लाकूडतोडीसाठी आणलेल्या हत्तींपैकी तो. सत्तरच्या दशकात बोटीने अंदमानात आणला. ओंडके ओढायचे, आणि एका बेटावरचं काम संपलं की पुढच्या बेटावर पोहत जायचं. तो नाचत नव्हता पाण्यात. ड्यूटीवर जायचा.

(इथे ग्रुपवर चार मिनिटं शांतता. आपल्याकडे हे दुर्मीळ.)

नसीम भाभी, बी-१०३ : म्हणजे लोकलने जातात तसं.

जोशी वहिनी, सी-३०२ : तसंच. मग २००२ साली सुप्रीम कोर्टाने तिथल्या जंगलतोडीला चाप लावला. जंगल वाचलं ते चांगलंच झालं, पण हत्ती बेकार. राजनला केरळात देवळाला विकायचं चाललं होतं. हॅवलॉकच्या एका रिसॉर्टने ठेवून घेतला. मग हे असले फोटो निघाले, लोक पैसे देऊन त्याच्याबरोबर पाण्यात उतरायला लागले. २०१६ मध्ये गेला, ६६ वर्षांचा होऊन.

साने आजी, ए-१०१ : मग गजेंद्रमोक्ष नाही म्हणता येणार. त्यात नक्राने पाय धरल्यावर धावत येणारा कुणीतरी होता.

पाटील काका, ए-३०४ : बाकीच्या हत्तींचं काय झालं?

ओंकार, सी-५०१ : सगळ्यांचं माहीत नाही. पण इंटरव्ह्यू नावाचं बेट आहे तिथे. साठच्या दशकात एका ठेकेदाराने धंदा गुंडाळला आणि हत्ती तिथेच सोडून दिले. त्यांची पिल्लावळ जंगली झाली.

स्वप्नाली, बी-२०२ : मला आता फोटो वेगळाच दिसायला लागलाय. आधी पायांकडे बघून ‘किती अलगद’ म्हणत होते.

ओंकार, सी-५०१ : अलगद असतातच. तरंगायला त्याला कष्ट नाहीत, अंग आपोआप वर राहतं. चारही पाय मारत जातो, सोंड वर काढून श्वास घेतो. सोंड म्हणजे नळीच. आणखी एक गंमत : आपल्या फुप्फुसाभोवती मोकळी फट असते, हत्तीला ती नाही, तिथे चिवट पेशीजाल भरलेलं असतं. पाण्याखाली राहून सोंडेने श्वास ओढताना दाब पडतो तो सोसायला ते उपयोगी पडत असावं, असं काही शास्त्रज्ञांचं मत आहे.

पाटील काका, ए-३०४ : ठीक आहे. एआय नाही. मागे घेतो.

स्वप्नाली, बी-२०२ : स्क्रीनशॉट काढून ठेवलाय काका 😄

पाटील काका, ए-३०४ : पण समुद्रमार्गे गेलेला हत्ती म्हणशील तर आपला मुंबईचाच. घारापुरीच्या बेटावर दगडी हत्ती होता, पोर्तुगीजांनी त्यावरूनच एलिफंटा नाव दिलं. १८६४ साली इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले, उचलताना तुकडे झाले. आता जोडून राणीच्या बागेत उभा केलाय, भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी. नातवंडांना घेऊन जा. तिकीट मगरी बघायला काढतात, त्याच्याकडे बघतही नाही कुणी.

साने आजी, ए-१०१ : पाटील, तुमच्याबरोबर कुठे गेलं की दगडच बघायला मिळतात.

कदम, सेक्रेटरी : टाकी रिकामी झाली. सफाईवाले खाली उतरलेत. कृपया मध्येच मोटर सुरू करू नये.
तसंच, लोकांच्या आग्रहामुळे हत्तीचा फोटो ग्रुपला लावला आहे.

स्वप्नाली, बी-२०२ : सर, गोलात कापला गेला. वरचं आकाश, माहूत, सोंड सगळं गेलं. नुसते पाय दिसतायत.

कदम, सेक्रेटरी : सरकवून बघतो. माझ्या फोनवर सरकत नाही.

जोशी वहिनी, सी-३०२ : राहू दे कदम.

नसीम भाभी, बी-१०३ : गेटवर टँकर आलाय. वॉचमन दिसत नाही. कुणीतरी खाली जा.

पाटील काका, ए-३०४ : निघालो.