लाकडी घाण्याने दिवाळीत सेल का लावावा?

तेलबिया

दोन दिवस एक पोस्ट फिरते आहे. सार असं: 'लाकडी घाणेवाल्यांना माज आलाय. कंपन्या दिवाळीत 30-40 टक्के सूट देतात, हे मात्र बारा महिने एकच भाव धरून बसतात. धंदा जमत नाही आणि वर पर्यावरणाच्या गप्पा.' खाली अंगठ्यांचा पाऊस. म्हणून सविस्तर लिहितोय.

एक लिटर शेंगदाणा तेलाला सव्वादोन ते अडीच किलो दाणे लागतात. अडीच धरू, दाणे 120 रुपये किलो धरू. झाले 300. पेंड (तेल गाळून उरलेला चोथा) साधारण 1.4 किलो निघते, ती 40 ने गेली तर 56 परत. उरले 244. मजुरी, वीज, बाटली, लेबल, जागेचं भाडं मिळून 45. म्हणजे 289. विक्री 360. हातात 71. आता यावर 20 टक्के सूट द्या: 72 रुपये. एक रुपया पदरचा घालून तेल विकायचं. कंपनीला 40 टक्के परवडतात, कारण तिची छापील एमआरपी आणि दुकानातला भाव यांची एरवीही गाठ पडत नाही. घाण्यावर जो छापील तोच विक्रीचा.

दुसरं, घाणा वाढत नाही. एका घाणीला, म्हणजे एका वेळच्या गाळपाला, 12-15 किलो दाणे, पाऊण ते एक तास. आठ तासांत आठ घाण्या निघाल्या तरी 45 लिटरच्या आसपास तेल. रात्रपाळी लावली तर लाट (उखळात फिरणारा दांडा) आणि उखळ तापतात, तेल तापतं, आणि कमी तापमानाचं तेल म्हणून जे विकायचं तेच हातचं जातं. मग तेल निवळायला तीन-चार दिवस स्टीलच्या पिंपात ठेवावं लागतं. सेलच्या घाईत दुसऱ्याच दिवशी भरलं की बाटलीत साका (गाळ) उतरतो. तेच तेल चकलीच्या कढईत फसफसतं, काळं पडतं, आणि शिव्या घाण्याला.

हिशेबनीस

बेरीज-वजाबाकी बरोबर, निष्कर्ष चूक. उन्हाळी भुईमूग मे-जूनमध्ये भरून ठेवता ना? तो पैसा चार महिने पोत्यांत अडकतो, पावसाळ्याची दमट हवा आणि किडे वेगळेच. दिवाळीत लोकांच्या हातात बोनस असतो. तेव्हा माल हलवायचा नाही तर कधी? सेल म्हणजे भाव पाडणंच असं कुणी सांगितलं? 5 लिटरवर छोटी खोबरेलाची बाटली द्या.

तेलबिया

खोबऱ्याचा भाव विचारून या, मग फुकट वाटू. आणि दिवाळीत माल हलवावा लागत नाही, तो आपोआप हलतो. चकली, शेव, शंकरपाळे कुणी सूट बघून तळत नाही. सूट दिली की मार्गशीर्षात येणारं गिऱ्हाईक अश्विनातच तीन महिन्यांचं तेल भरून ठेवतं. विक्री वाढत नाही, फक्त अलीकडे सरकते, आणि तीही नफा सोडून. पुढे घाणा बंद, कामगाराचा पगार चालू.

फराळवाली

नव्या दाण्याचं कुणी बोलतच नाही. खरीप भुईमूग सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतो, म्हणजे ऐन दिवाळीच्या तोंडावर. उन्हाळी साठा सेलमध्ये संपवला की घाणेवाला हाच ओला दाणा उचलणार. शेंगा नीट वाळायला आठ-दहा दिवस कडक ऊन लागतं, दाण्यात ओल आठ टक्क्यांच्या आसपास यायला हवी. शेंग कानाशी हलवा, दाणे खुळखुळले पाहिजेत. तळहातावर चोळून साल सुटलं पाहिजे. ओला दाणा घाण्यात पडला की पेंड लगद्यासारखी होते, तेल सुटत नाही. जे सुटतं त्यात पाण्याचा अंश राहतो, आणि अशा तेलाला लवकर खवट वास येतो. दिवाळीनंतर 'घाण्याचं तेल टिकत नाही' म्हणून जी ओरड होते, तिचं मूळ पुष्कळदा इथे असतं.

चौथा मजला

छान. म्हणजे भाव कमी नाही, माल वाढणार नाही, दाणा ओला, आणि आम्ही 360 मोजायचे. गरिबाने रिफाइंड खावं असं सरळ म्हणा ना! आणि एक सांगा, ते 360 लिटरचे की किलोचे?

वजनकाटा

अखेर कुणीतरी मुद्द्याचं विचारलं. सेल राहू द्या बाजूला. शेंगदाणा तेलाचं एक लिटर म्हणजे साधारण 910 ग्रॅम. '15 चा डबा' असं नुसतं म्हणतात तेव्हा 15 किलो असेल तर त्यात जवळपास साडेसोळा लिटर तेल, 15 लिटर असेल तर 13.65 किलो. फरक 1.35 किलोचा, वरच्या भावाने पाचशेहून जास्त रुपये. गेल्या दिवाळीला किलोचा डबा आणि यंदा त्याच भावात लिटरचा, वर '8 टक्के सूट' अशी पट्टी. गिऱ्हाईक खूश, दुकानदार त्याहून खूश.

तेलबिया

हे सेल लावणाऱ्यांचं झालं. विषय सेल न लावणाऱ्यांचा आहे.

वजनकाटा

विषय तोच आहे. पाकिटबंद तेलवाले 'अमुक तापमानाला' असं बारीक छापून लिटर दाखवायचे. तेल तापलं की फुगतं. 60 अंशांचं माप धरलं की लिटरमागे पंचवीसेक ग्रॅम कमी भरता येतं. 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाला सांगावं लागलं की तापमान छापू नका, मापासोबत वजनही लिहा. आता तुमचे घाणेवाले: किती जण बाटलीवर ग्रॅम छापतात? पिंपातून मापाने भरायचं, वर गोणपाटाची दोरी बांधायची, झालं 'शुद्ध'!

तेलबिया

उगाच सगळ्यांना एका पारड्यात टाकू नका. घाण्यातून निघालेलं तेल चाळीसेक अंशांचं असतं, ते लगेच भरलं तरी फरक लिटरमागे सहा-सात ग्रॅमचा. आणि लगेच कुणी भरत नाही, निवळायला ठेवतात हे वर लिहिलंय. वाचायचे कष्ट घ्या.

वजनकाटा

सहा-सात ग्रॅम गुणिले हजार बाटल्या करा, मग कष्टांवर बोलू.

चौथा मजला

मी भावाचं विचारलं होतं, यांचं थर्मामीटर सुरू झालं.

गोठा

पेंडीचा हिशेब तेलबियांनी 56 रुपये म्हणून दोन शब्दांत उडवला. खरी गोम तिथेच आहे. लाकडी घाण्याच्या पेंडीत दहा-पंधरा टक्के तेल उरतं. म्हणून दुभत्या जनावराला ती चांगली, आणि म्हणूनच ती खवट लवकर होते. आसपासचे गोठे महिन्याला ठरावीक पोती घेतात. सेलसाठी तिप्पट तेल काढलं तर पेंडही तिप्पट. ती घेणार कोण? गाई दिवाळीत तिप्पट खात नाहीत. पोती थप्पीला लागतात, ऑक्टोबरातल्या पावसाने ओल धरतात आणि बुरशी येते. बुरशीतलं अफलाटॉक्सिन हे विष गाईच्या पोटातून दुधात उतरतं, दूध उकळूनही जात नाही. पेंड 40 ऐवजी 25 ने विकली गेली तर लिटरमागे 21 रुपये गेले. म्हणजे सूट न देताच नफ्यातला जवळपास तिसरा हिस्सा गेला. हे एकाही सेलवाल्याच्या कागदावर नसतं.

हिशेबनीस

पेंडीचं मान्य. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं असं म्हणणार नाही, पण लिहिलं नव्हतं खरं. तरीही ऑनलाइन बाजारात सेलच्या दिवसांत यादीत वर दिसायचं असेल तर...

तेलबिया

वर दिसून काय करायचं? तिथली सूट बहुधा विकणाऱ्याच्याच खिशातून जाते, वर कमिशन. 5 लिटरचा कॅन झाकणापाशी पाझरला की खोकं तेलकट होऊन परत येतं. परत आलेलं तेल पुन्हा विकता येत नाही, आणि जाण्या-येण्याचं कुरियर अंगावर. लिटरमागे 71 रुपये मिळवणाऱ्याने असा एक कॅन गमावला तर 25 बाटल्यांची कमाई गेली.

फराळवाली

काचेच्या बाटल्या परत घेऊन काही सूट देता येईल. पण धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने बाटली धुवून, उलटी टांगून पूर्ण वाळली पाहिजे, झाकण दरवेळी नवं. आत थेंबभर पाणी राहिलं तरी तेल बिघडतं. दिवाळीच्या गर्दीत हे नीट होईल असं वाटत नाही. आणि पत्र्याचे किंवा प्लास्टिकचे वापरलेले डबे पुन्हा तेल भरायला चालत नाहीत, नियमच आहे.

चौथा मजला

म्हणजे मला स्वस्त तेल मिळण्याची एकही वाट नाही. धन्यवाद.

गोठा

आहे की. स्वतःचे वाळलेले, निवडलेले दाणे घेऊन जा आणि मजुरीवर गाळून घ्या. निदान एक घाणी भरेल इतके, 12-15 किलो, लागतील. कमी असतील तर शेजाऱ्यांना जोडीला घ्या, नाहीतर बरंचसं तेल उखळालाच चिकटतं. पेंड घाण्यालाच सोडलीत तर मजुरी कमी होते. आणि हे दिवाळीच्या आठवड्यात मागू नका, नवरात्राच्या आधी नंबर लावा.

वजनकाटा

आणि तेल घेताना लिटरने नाही, काट्यावर घ्या. रिकाम्या कॅनचं वजन आधी करा.

तेलबिया

करतील हो. पाच किलोच्या पुढचा काटा घरी नसेल तर भंगारवाल्याचा आणा, तो तुमच्याच ओळखीचा असेल.