महालक्ष्म्यांची आरास: मुखवटा झुकतो, फुलोरा गळतो, काय करावं?

दारव्ह्याची_सून: यंदा महालक्ष्म्या (गौरी) आमच्या घरी बसणार आहेत. धडाच्या जागी टिनाच्या पोकळ कोठ्या, वर पितळी मुखवटे. दागिने घातले की मुखवटा पुढे झुकतो, अन् फुलोरा, म्हणजे महालक्ष्म्यांवर टांगतो ते तळलेले पदार्थ, दुसऱ्या दिवशी मऊ पडून गळतो. पूजनाच्या संध्याकाळी सारं गाव आरास पाहायला येतं; घराला ओसरी, माजघर अन् परसदार आहे. जाणत्यांनी सांगावं.

कोठीवाली_काकू: ताई, कोठी रिकामी ठेवू नका. निम्म्याच्या वर गहू-तांदूळ भरा, वजन खाली राहिलं की धक्का लागला तरी हलत नाही. मुखवटा बसतो त्या गळ्यावर सुती कापडाची घट्ट चुंबळ ठेवा, पुढची बाजू बोटभर उंच. ठुशी, पोहेहार मुखवट्याला अडकवू नका. मागून सुतळीनं कोठीच्या खांद्याला बांधा, भार तिथं जाऊ द्या.

टिनावर पिन धरत नाही, म्हणून आधी जुनं सुती लुगडं गुंडाळून कमरेशी सुतळीनं आवळायचं आणि साडी त्यावर नेसवायची. निऱ्या वर पक्क्या टाचून खाली पंख्यासारख्या पसरवा. मागून पुठ्ठा लावला की तशाच राहतात.

फुलोरा_मेहकर: फुलोरा गळतो तो घाईच्या तळणीमुळे. मोठ्या आचेवर वरून रंग येतो, आतला ओलावा मात्र राहतो, आणि भादव्याच्या दमट हवेत तोच पापडीला मऊ करतो. १ किलो मैदा, पाव किलो बारीक रवा, १०० ग्रॅम कडकडीत तुपाचं मोहन, पीठ घट्ट. मोहन वाढवलं तर खायला छान, पण टांगल्यावर भोकापाशी तुटतं. पापडी, वेणी, फणी जरा जाड लाटा. भोक तळण्याआधीच पाडा, काठापासून बोटभर आत आणि आगकाडीएवढं, कारण तळताना ते आवळतं. मंद आचेवर बुडबुडे थांबेपर्यंत तळा. पुरते गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका.

करंजीत पुरण नको. कोरडं खोबरं-खसखस भरा आणि दोरा मुरडीतून ओवा. आवाहनाच्या दिवशी नव्हे, पूजनाच्या सकाळी टांगा.

दारव्ह्याची_सून: दोरा कोणता वापरू? मुंग्यांचाही त्रास आहे.

फुलोरा_मेहकर: दुहेरी सुती. बारीक नायलॉन काठ कापतो. फुलोऱ्याची चौकट भिंतीला टेकू देऊ नका, तिचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा.

वायरमन_आर्वी: ५०० वॅटचे हॅलोजन लावू नका, साडी आणि कागदी फुलं तापतात. ३० वॅटचे दोन एलईडी फोकस आणि माळा पुरतात. माळेचे जोड ओलसर भिंतीपासून दूर ठेवा. समई फुलोऱ्याच्या खाली नको, पदरापासून दोन हात बाजूला ठेवा. थर्माकोलची मखर आणू नका. राज्यात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. बांबूच्या कामट्या आणि जुन्या जरीच्या साड्यांची मखर जास्त शोभते.

कोठीवाली_काकू: गर्दीचं म्हणाल तर ओसरीतून आत, परसदारातून बाहेर. दोन्ही दारांशी गोणपाट टाका, चिखल आत येत नाही. चपला परसदाराकडेच काढायला सांगा, नाहीतर बाहेर पडलेल्या बायका ओसरीकडे उलट्या फिरतात. हळदीकुंकू आणि आंबील परसदारापाशी द्या. महालक्ष्म्यांसमोर दिली की रांग तिथंच तुंबते. ओट्यांचे तांदूळ-नारळ ठेवायला एका बाजूला सूप ठेवा, पायाशी ढीग झाला की निऱ्या ओढल्या जातात.