२९ इंटरसेप्शन्स आणि पहिल्याच वर्षी हॉल ऑफ फेम : डॅरेल रीव्हिसचे मोठेपण नेमके कशात आहे?

प्रश्नकर्ता : एडिसनवासी

मी गेली वीस-बावीस वर्षे न्यू जर्सीत राहत आहे. न्यूयॉर्क जेट्सचे मैदान आमच्या घरापासून फार लांब नाही आणि मुलाच्या हट्टापायी मी अमेरिकन फुटबॉल बऱ्यापैकी समजून घेतला आहे. तरीही माझे मन क्रिकेटवर पोसलेले असल्यामुळे कोणत्याही खेळाडूचा विषय निघाला की माझे लक्ष आधी आकड्यांच्या तक्त्याकडे जाते, आणि तिथेच माझी अडचण सुरू होते.

कॉर्नरबॅक म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या रिसीव्हरला चेंडू मिळू नये म्हणून मैदानाच्या कडेला त्याच्या मागावर राहणारा बचावपटू, एवढे मला कळते. क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू त्याने मधल्यामध्ये स्वतःच झेलला तर ते इंटरसेप्शन, म्हणजे आपल्या भाषेत बळी. २०२३ साली ओहायोतील कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातील थोरांच्या सन्मानगृहात, तीन कॉर्नरबॅक एकदम दाखल झाले. सिनसिनाटीच्या केन रायलीच्या नावावर ६५ इंटरसेप्शन्स आहेत; तो १९८३ च्या हंगामानंतर थांबला होता आणि हा मान मिळाला तेव्हा तो हयात नव्हता. टॅम्पा बेच्या रॉन्डे बार्बरच्या नावावर ४७ आहेत, आणि त्यालाही काही वर्षे ताटकळावे लागले. डॅरेल रीव्हिसच्या नावावर मात्र अकरा हंगामांत अवघी २९ आहेत, तरी पात्र झाल्याच्या पहिल्याच वर्षी त्याची निवड झाली. माझ्या मुलाच्या खोलीत याच रीव्हिसची २४ क्रमांकाची हिरवी जर्सी टांगलेली असल्यामुळे हा प्रश्न घरात विचारण्याची सोय नाही.

दुसरी शंकाही याच संदर्भात आहे. हा खेळाडू करारासाठी अडून बसला, संघ बदलत राहिला आणि जेट्सचे हाडवैरी असलेल्या न्यू इंग्लंडकडेही गेला. त्याला पैशाच्या मागे धावणारा म्हणणे कितपत रास्त आहे?

उत्तर १ : कडेचा प्रेक्षक

आपण क्रिकेटचे आहात, तेव्हा उत्तरही तिथूनच सुरू करतो. जानेवारी १९६४ मध्ये मद्रास कसोटीत बापू नाडकर्णींनी इंग्लंडविरुद्ध ३२ षटके टाकली, त्यांतली २७ निर्धाव होती, धावा दिल्या ५ आणि बळी एकही नाही. ते पृथक्करण वाचताना आपली नजर बळींच्या शून्यावर थांबत नाही. रीव्हिसचे तक्तेही तसेच वाचावे लागतात.

कॉर्नरबॅकचे काम मुळातच उलट्या दिशेने चालते. आपण कुठे धावणार आहोत हे रिसीव्हरला ठाऊक असते. कॉर्नरबॅकला ते ठाऊक नसते, आणि त्याला सुरुवातही बहुतेकदा पाठमोरे मागे सरकत करावी लागते. १९७८ पासून नियम असा आहे की चेंडू खेळात आल्यावर पहिल्या पाच यार्डांपर्यंतच रिसीव्हरला हाताने रोखता येते. त्यापुढे हात लावला तर दंड होतो, आणि चेंडू हवेत असताना अडथळा आणला तर तो जिथे घडला तिथेच चेंडू ठेवला जातो, म्हणजे एका चुकीत चाळीस यार्डही जाऊ शकतात. म्हणून बहुतेक संघ आपल्या कॉर्नरबॅकच्या पाठीशी एक सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागे थांबणारा बचावपटू, उभा करतात, किंवा प्रत्येकाला मैदानाचा एकेक तुकडा वाटून देतात, ज्याला झोन म्हणतात.

२००९ मध्ये रेक्स रायन जेट्सचे प्रशिक्षक झाले आणि त्यांनी रीव्हिसच्या बाबतीत हा आधारच बऱ्याचदा काढून घेतला. समोरच्या संघाचा सर्वोत्तम रिसीव्हर डावीकडे जावो वा उजवीकडे, रीव्हिस त्याच्यामागे जाणार आणि एकटाच जाणार, असा तो हिशेब होता. त्या एकाकी पट्ट्याला ‘रीव्हिस आयलंड’ असे नाव पडले, कारण तिथे गेलेला रिसीव्हर बेटावर अडकल्यासारखा दिसेनासा होई. त्या हंगामाच्या पहिल्याच सामन्यात ह्यूस्टनच्या आंद्रे जॉन्सनला ४ झेल आणि ३५ यार्ड मिळाले. हाच जॉन्सन त्या वर्षी संपूर्ण लीगमध्ये (एनएफएलमध्ये) सर्वाधिक यार्ड मिळवणारा ठरला. पुढच्या आठवड्यात रँडी मॉसला ४ झेलांत २४ यार्ड मिळाले. साखळीच्या शेवटच्या सामन्यात सिनसिनाटीच्या चॅड ओचोसिंकोला एकही झेल मिळाला नाही.

आता यातली खरी गोम पाहा. एका माणसासाठी एकच माणूस पुरत असेल, तर वाचलेला सेफ्टी दुसऱ्या बाजूला मदतीला जातो किंवा क्वार्टरबॅकवर चालून जाण्यासाठी एक जास्तीचा गडी हाताशी येतो. जेट्सचा बचाव त्या वर्षी यार्ड आणि गुण या दोन्ही बाबतींत लीगमध्ये पहिला होता, आणि साखळीत जेमतेम ९ विजय व ७ पराभव असलेला हा संघ कॉन्फरन्सच्या, म्हणजे लीगच्या दोन विभागांपैकी एकाच्या, अंतिम सामन्यापर्यंत पोचला. त्या पहिल्या क्रमांकातला रीव्हिसचा वाटा कोणत्याही रकान्यात मांडलेला नाही, कारण त्याने वाचवलेला माणूस भलत्याच ठिकाणी उपयोगी पडत होता.

रकाना बघायचाच असेल तर २००९ मध्ये त्याने ३१ पास हाताने उडवून लावले आणि ६ इंटरसेप्शन्स घेतली. तरी वर्षातील सर्वोत्तम बचावपटूचा मान ग्रीन बेच्या चार्ल्स वुडसनला गेला; त्याची ९ होती आणि त्यांतली ३ त्याने थेट टचडाउनपर्यंत, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या गोलरेषेपार, नेली होती. तो मान अयोग्य होता असे मी म्हणणार नाही, पण मतदारही आपल्यासारखेच आधी तक्ता उघडतात, एवढे यावरून दिसते. २०१० मध्ये तर रीव्हिसचे एकही इंटरसेप्शन नाही, आणि तरीही तो त्या वर्षीच्या ऑल-प्रो, म्हणजे लीगमधील सर्वोत्तम खेळाडूंच्या, पहिल्या संघात आहे.

उत्तर २ : कलम आणि पोटकलम

पैशाबद्दलच्या शंकेवर लिहितो, कारण या बाबतीत रीव्हिसवर थोडा अन्याय होतो असे माझे मत आहे.

या लीगमध्ये कराराची एकूण रक्कम आणि हमी दिलेली रक्कम या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. वर्तमानपत्रात ‘सहा वर्षांसाठी इतके कोटी’ असे छापून येते, परंतु हमीचा भाग वगळला तर क्लब खेळाडूला जवळपास केव्हाही मोकळे करू शकतो. बंधन पाळायचे ते खेळाडूने. कॉर्नरबॅकचा तर सारा खेळ पायांवर आणि कमरेच्या वळण्यावर असतो. गुडघा एकदा गेला की उरलेली वर्षे कागदावरच राहतात.

हे रीव्हिसला लहानपणापासून ठाऊक असणार, कारण शॉन गिल्बर्ट हा त्याचा मामा. गिल्बर्ट स्वतः या लीगमधला बचावपटू होता आणि १९९७ मध्ये वॉशिंग्टनशी कराराबाबत न जमल्यामुळे तो संपूर्ण हंगाम घरी बसला होता. पुढच्या वर्षी कॅरोलायनाने त्याला मोठ्या रकमेवर घेतले. भाच्याने मामाचा धडा नीट गिरवला. शिवाय त्याचे गाव आलिक्विपा, म्हणजे पेनसिल्व्हेनियातले ओहायो नदीकाठचे पोलादाचे गाव. तिथला प्रचंड कारखाना १९८० च्या दशकात बंद पडत गेला आणि गाव ओस पडले. त्या एवढ्याशा गावाने टाय लॉ आणि रीव्हिस असे दोन कॉर्नरबॅक हॉल ऑफ फेमला दिले, हे जाता जाता सांगतो.

२००७ च्या निवडीत, म्हणजे क्लब नवे खेळाडू क्रमाक्रमाने घेतात त्या ड्राफ्टमध्ये, जेट्सने कॅरोलायनाशी अदलाबदल करून चौदाव्या क्रमांकावर त्याला घेतले होते. २००९ चा तो अपूर्व हंगाम झाल्यानंतर २०१० साठी त्याचे मूळ वेतन होते १० लाख डॉलर; त्याच वेळी ओकलंडच्या नाम्डी असोमुगाला वर्षाला दीड कोटीहून अधिक मिळत होते. रीव्हिस सराव शिबिरापासून ३६ दिवस दूर राहिला आणि सप्टेंबरमध्ये ४ वर्षांचा ४ कोटी ६० लाखांचा करार झाला, ज्यातील ३ कोटी २० लाखांची हमी होती. दोनच वर्षांनी, सप्टेंबर २०१२ मध्ये, मायामीविरुद्ध कुणाचा धक्काही न लागता त्याच्या डाव्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला. एप्रिल २०१३ मध्ये जेट्सने त्याला टॅम्पा बेकडे पाठवले, आणि बदल्यात त्या वर्षीचा तेरावा क्रमांक व पुढील वर्षीची आणखी एक निवड घेतली. टॅम्पाचा करार ६ वर्षांचा, ९ कोटी ६० लाखांचा होता, आणि त्यात हमीची रक्कम शून्य होती. एका हंगामानंतर प्रशिक्षक बदलले, झोनची आवड असलेले नवे प्रशिक्षक आले आणि मार्च २०१४ मध्ये त्याला मोकळे केले गेले.

म्हणजे जेट्स सोडण्याचा निर्णय त्याचा नव्हता, आणि टॅम्पाचाही नव्हता. मोकळा झाल्यावर तो न्यू इंग्लंडकडे एका वर्षासाठी १ कोटी २० लाखांवर गेला, म्हणजे टॅम्पात मिळाले त्यापेक्षा कमी पैशांवर. पैशाच्या मागे धावणारा म्हणून ज्याची ख्याती झाली, त्याने विजेतेपदासाठी केलेला तो सौदा होता आणि १ फेब्रुवारी २०१५ रोजी सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, सिअ‍ॅटलला २८-२४ असे हरवून त्याला ते मिळाले. त्यानंतर जेट्सनेच त्याला ५ वर्षांसाठी ७ कोटी देऊन परत आणले, ज्यात ३ कोटी ९० लाखांची हमी होती. क्लबने खेळाडू सोडला की ते व्यवस्थापन ठरते आणि खेळाडूने भाव मागितला की हाव ठरते, हा हिशेब मला पटत नाही.

उत्तर ३ : शंकासुर

पहिल्या उत्तरातील नाडकर्णींची उपमा सुरेख आहे, पण ती लंगडी आहे. नाडकर्णींचा चेंडू फलंदाजाला खेळावाच लागतो. रीव्हिसकडे चेंडू न टाकण्याची मुभा क्वार्टरबॅकला होती, कारण त्याच्यासमोर आणखी चार पर्याय असत. जवळची उपमा द्यायची तर कव्हरला उभा असलेला चपळ क्षेत्ररक्षक पाहून फलंदाज जी धाव घेतच नाही, तिची द्यावी लागेल. त्या धावेची नोंद कुठेही होत नाही, हे खरे. पण म्हणूनच ‘त्याच्याकडे चेंडू कुणी टाकतच नव्हते’ हा युक्तिवाद जपून वापरावा लागतो, कारण तो कोणत्याही कमी आकड्यांवर पांघरूण घालू शकतो.

वर ज्याचा उल्लेख आला तो असोमुगाच घ्या. २००६ मध्ये त्याची ८ इंटरसेप्शन्स होती आणि पुढच्या तीन हंगामांत प्रत्येकी एक. कारण तेच सांगितले जाई की त्याच्या दिशेने कुणी फेकत नाही. तरीही तो हॉल ऑफ फेममध्ये नाही. माझ्या मते फरक असा की असोमुगा बहुतांशी मैदानाच्या एकाच बाजूला उभा राहत असे, त्यामुळे प्रतिस्पर्धी आपला उत्तम रिसीव्हर सरळ दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवू शकत होते; रीव्हिस मात्र त्या माणसाच्या मागे जात होता. चेंडू न येणे दोघांच्याही वाट्याला आले, पण रीव्हिसला त्यासाठी दर रविवारी सर्वांत अवघड माणूस अंगावर घ्यावा लागला. नुसत्या ‘भीती’पेक्षा मला हे कारण अधिक ठोस वाटते.

रायलीच्या ६५ शी तुलना करताना काळाचेही भान हवे. त्याच्या कारकिर्दीची पहिली नऊ वर्षे १९७८ च्या नियमाआधीची आहेत आणि त्या काळचे क्वार्टरबॅक आजच्यापेक्षा कितीतरी अधिक इंटरसेप्शन्स देत असत. अर्थात म्हणून त्याला चाळीस वर्षे ताटकळत ठेवणे समर्थनीय ठरत नाही. पंधरा हंगाम खेळूनही त्याला एकदासुद्धा प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडले गेले नाही, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

आणखी एक बाजू कुणी मांडली नाही, ती मांडतो. रीव्हिसचे शिखर उंच होते, पण माथा अरुंद होता. ऑल-प्रो पहिल्या संघात तो २००९, २०१०, २०११ आणि २०१४ असा चार वेळा आहे. २०१५ मध्ये त्याने ५ इंटरसेप्शन्स घेतली, पण २०१६ च्या पहिल्याच सामन्यात सिनसिनाटीच्या ए. जे. ग्रीनने १२ झेलांत १८० यार्ड काढले, त्यातले बरेचसे रीव्हिसच्या डोळ्यांदेखत. एकट्याने खेळणाऱ्या कॉर्नरबॅकचे पाऊल जरा जड झाले की ते साऱ्या स्टेडियमला दिसते. मदतीला कुणी नसणे हीच ज्याची कीर्ती, त्याला पडझडही एकट्यानेच सोसावी लागते. त्या हंगामानंतर जेट्सने त्याला सोडले, २०१७ च्या अखेरीस तो कॅन्सस सिटीकडून काही सामने खेळला आणि २०१८ मध्ये निवृत्त झाला.

एडिसनवासी

तिन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. पैशाबद्दलचे माझे मत मी मागे घेतो. गुडघ्याची तारीख आणि हमीचा आकडा शेजारी ठेवून मी कधी पाहिलेच नव्हते. मात्र एक गोष्ट राहून राहून मनात येते. २०१५ च्या त्या सुपर बोलमधला कॉर्नरबॅक म्हणून लोकांच्या ओठांवर जे नाव आहे ते रीव्हिसचे नाही, माल्कम बटलरचे आहे. निवडीत कुणीही न घेतलेल्या त्या नवख्याने शेवटच्या अर्ध्या मिनिटात गोलरेषेवर रसेल विल्सनचा पास पळवला आणि सामना संपला. त्या सामन्यात रीव्हिसने नेमके काय केले? आणि त्याचा खेळ समजून घ्यायचा असेल तर मी कोणता सामना पाहावा?

कडेचा प्रेक्षक

शंकासुरांचा नाडकर्णींबद्दलचा आक्षेप मला मान्य आहे. कव्हरचा क्षेत्ररक्षक अधिक नेमका आहे.

सुपर बोलमध्ये रीव्हिस बराच वेळ डग बाल्डविनवर होता. बाल्डविनला संपूर्ण सामन्यात एकच झेल मिळाला, तीन यार्डांचा, आणि दुर्दैवाने तोच टचडाउन ठरला, कारण मागावर धावताना रीव्हिसच्या वाटेत पंच आले. तक्त्यात ‘१ झेल, ३ यार्ड, १ टचडाउन’ एवढेच दिसते. पंच दिसत नाहीत.

पाहण्यासाठी १३ सप्टेंबर २००९ चा ह्यूस्टनचा सामना निवडा, पण दूरचित्रवाणीवरचे चित्रण पाहू नका. तिथे कॅमेरा चेंडूवर असतो आणि चेंडू खेळात आल्यावर दीड-दोन सेकंदांत रीव्हिस व जॉन्सन दोघेही पडद्याबाहेर जातात. सर्व बावीस खेळाडू दिसतील असे उंचावरून केलेले चित्रण मिळाले तर ते पाहा, आणि क्वार्टरबॅकच्या हाताकडे न पाहता त्याचे डोके कोणत्या बाजूला वळते ते पाहा. काही डावांत तो आधी जॉन्सनच्या दिशेने बघतो, क्षणभर थांबतो आणि मान दुसरीकडे फिरवतो. चिरंजीवांना शेजारी बसवलेत तर मान फिरण्याच्या आधीच ते तुम्हाला बोटाने दाखवतील.