आकाशाला गवसणी खरंच घालता येते का?

शब्दवेडी:
परीक्षांचे निकाल लागले की मथळे येतात, 'अमुकने गगनाला गवसणी घातली'. कौतुक जरूर करा. पण आकाशाला गवसणी घालणे म्हणजे आवाक्याबाहेरचं काही करू पाहणे. 'मनोराज्य' किंवा 'मनात मांडे खाणे' यात माणूस जागचा हलत नाही. इथे तो उठतो, झटतो, आणि हाती लागणार नाही अशाच गोष्टीच्या मागे लागतो. ही छटा दुसरीकडे कुठे आहे? यशासाठी 'बाजी मारली', 'झेंडा रोवला' असं हवं तेवढं आहे की.

मुसाफिर:
असहमत. २०१९ मध्ये विक्रम लँडर चंद्रावर कोसळला, आणि २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रयान-३ दक्षिण ध्रुवाजवळ अलगद उतरलं. आवाक्याबाहेरचं वाटलेलं आवाक्यात आलं, मग 'घातली' म्हणायला हरकत काय? तुमचा अर्थ धरला तर हा वाक्प्रचार फक्त हरणाऱ्यांपुरता उरतो.

जवारी:
गवसणी म्हणजे वाद्याची खोळ. तंबोऱ्याची गवसणी त्याच्याच भोपळ्याच्या घेरावर आणि दांडीच्या लांबीवर बेतून शिवतात. दुसऱ्या तंबोऱ्याची घालायला गेलं की भोपळ्याशी अडते, नाहीतर दांडीवर लोंबते. आकाशाचं माप कुठून घेणार? अशक्यपणा शब्दाच्या पोटातच आहे. मला वाटतं, 'गवसणे' म्हणजे सापडणे, त्याच्याशी लोक हे जोडतात आणि तिथून गडबड सुरू होते.

मुसाफिर:
ज्ञानेश्वरीचा पहिला अध्याय काढा. डासाने आकाश मुठीत कसं धरावं, असं ज्ञानदेव विचारतात. लगेच श्रीगुरू अनुकूल असल्याचा आधार सांगतात आणि सुमारे ९ हजार ओव्या रचतात. अशक्य म्हणूनही केलंच ना?

शब्दवेडी:
हे तर माझ्याच बाजूचं उदाहरण झालं! आकाश मुठीत मावत नाही हे आधी मान्य केलं, म्हणूनच त्या धाडसाला उंची आली. चंद्रयानाला वापरा, तिथे झेप तेवढी होती. नव्वद टक्क्यांना नको.

जवारी:
'घालायला निघालाय', 'घालू पाहतोय' इथपर्यंत कानाला गोड लागतं. 'घातली' आलं की खटकतं.

खडूफळा:
मी मराठी शिकवते. 'वाक्यात उपयोग करा' म्हटलं की दोन्ही अर्थांची वाक्यं येतात, आणि 'घातली'वाल्या मुलांनी ती वर्तमानपत्रातूनच उचललेली असतात. त्यांचे गुण कापायचे का?

मुसाफिर:
अजिबात नाही.

शब्दवेडी:
कापू नका, पण वर्गात एकदा गवसणी दाखवा.