मदत हवी आहे: देवयानी दीर्घिकेचे धुळीचे पट्टे प्रोसेसिंगमध्ये पुसले जातायत

नमस्कार मंडळी. 80 मिमी एफ/6 अपवर्तक दुर्बीण, एपीएस-सी कॅमेरा, आयएसओ 800, 120 सेकंदांच्या फ्रेम्स, एकूण 3 तास. डार्क, फ्लॅट, बायस (कॅमेरा-दुर्बिणीचे दोष वजा करणाऱ्या फ्रेम्स) लावलेत.

480 मिमी नाभीय अंतराला चौकट मिळते जेमतेम 2.8 × 1.9 अंशांची, आणि एम31 (म्हणजे देवयानीच) तीन अंशांहून लांब. तिरकी बसवली तरी रिकामं आकाश उरतं ते समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत. त्यामुळे ऑटो बॅकग्राउंड (आकाशाचा पार्श्वप्रकाश) काढलं की सॉफ्टवेअर दीर्घिकेच्या तबकडीची फिकट निळी कडाच प्रकाशप्रदूषण समजून वजा करतं आणि भोवती काळं कडं उमटतं. एम110 या उपदीर्घिकेच्या बाजूचे पट्टे तरी टिकतात. ती बाजू आपल्याला जवळची, तिथली धूळ मागच्या उजळ मध्य फुगवट्यावर ठसठशीत दिसते. एम32 या दुसऱ्या उपदीर्घिकेकडचे मात्र पार सपाट. (हायड्रोजनचे गुलाबी ठिपके कॅमेऱ्याचा मूळ फिल्टरच खातो, ते सोडा.)

पार्श्वप्रकाशाचे नमुने त्या दोन रिकाम्या कोपऱ्यांतच ठेवून साधं एकघाती प्रतल (एका दिशेने सरळ रेषेत बदलणारा उजेड) वजा केलं तर पुरेल का? की 20 टक्के ओव्हरलॅप ठेवून दोन पॅनेलचं मोझेकच (दोन चौकटी जोडून एक चित्र) करावं? आणि गाभा जळू नये म्हणून 10 सेकंदांच्या फ्रेम्स मिसळायच्या, त्या स्ट्रेचआधी (फिकट भाग उजळवण्याआधी) की नंतर?