घरची बैठक, ताजी क्राफ्ट बिअर आणि हाताने सजवलेले ग्लास: नाशिककरांनो, तुमचे अनुभव सांगा

द्राक्षवेल (गंगापूर रोड)

नाशिकला पाहुणा आला की सकाळी मिसळ आणि संध्याकाळी द्राक्षबाग, हे ठरलेलंच. १९९९ मध्ये सुला ही वाइन कंपनी उभी राहिली आणि वाइन या शहराच्या ओळखीचा भाग झाली. कोणत्या वाइनला कोणता ग्लास घ्यायचा हेही आता आपल्यातल्या बऱ्याच जणांना कळतं. बिअरच्या वाट्याला मात्र हे कौतुक आलेलं नाही. पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही छोटी ब्रुअरी सुरू झाली. त्यानंतर लहान प्रमाणात बनवलेल्या ताज्या बिअरची आवड वाढत गेली आणि आपल्याकडेही ती पोहोचली. पण घरी आणली की ती मिळेल त्या ग्लासात ओतली जाते, अनेकदा स्टीलच्याही. मला याचं मनापासून वाईट वाटतं. कोणीतरी माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) निवडून, यीस्ट सांभाळून केलेल्या त्या बिअरचा रंगच दिसत नाही, मग प्यायची कशी?

म्हणून हा धागा. बिअर कुठली आवडते, घरी चार माणसं बोलावता तेव्हा ती कशात देता आणि ते ग्लास तुम्ही स्वतः सजवले असतील तर कसे, हे सगळं लिहा. बिअरसाठी आपल्या राज्यात वयाची अट २१ वर्षांची आहे आणि पिऊन गाडी चालवायची नाही, या दोन गोष्टी गृहीत धरून बोलूया.

सुरुवात मी करते. मला गव्हाची बिअर सगळ्यात प्रिय. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा जो वास येतो तो यीस्टमुळे, त्यात केळंही नसतं आणि लवंगही नसते. पहिल्यांदा चाखणाऱ्या पाहुण्याला मी हे आवर्जून सांगते आणि मग तो पुन्हा ग्लास नाकाशी नेतो. हिचा ग्लास उंच, खाली निमुळता आणि वर पसरट असतो, म्हणजे दाट फेसाला जागा मिळते. आधी ग्लास थंड पाण्याने विसळायचा, तिरका धरून हळू ओतायचं, बाटलीची असेल तर शेवटचा घोट बाटलीत गोल फिरवून तळाचं यीस्टही ग्लासात घ्यायचं.

सजावटीबद्दल माझं मत ठाम आहे. नक्षी खालच्या एक तृतीयांश भागात हवी, वरचा भाग मोकळा. मी द्राक्षाचा वेल काढते, पण तो ग्लासच्या बुडापासून कमरेपर्यंतच चढतो. त्याच्या वर बिअर आणि फेस. आतल्या बाजूला रंगाचा ठिपकासुद्धा नको आणि ओठ लागतात त्या कडेपासून निदान दोन सेंटिमीटर काच कोरी हवी.

सातपूरकर

ताई, नक्षीच्या आधी एक गोष्ट सांगतो. ग्लास खरोखर स्वच्छ नसेल तर बाकीचं सगळं वाया. मी कारखान्यात गुणवत्ता तपासणीत काम करतो, त्यामुळे हे जरा जास्तच पाहतो. बिअरचा फेस माल्टमधली प्रथिनं आणि हॉप्स या कडू फुलांमधली आम्लं यांच्यामुळे टिकतो. तेलाचा पातळ थर असला तरी तो फेस मोडतो. चिवड्याचे हात, लिपस्टिक, तेलकट भांड्यांबरोबर घासलेला ग्लास, सगळ्याचा परिणाम तोच. ओतल्यावर काचेच्या भिंतीला आतून बुडबुडे चिकटून राहिले तर तिथे काहीतरी राहिलंय असं समजायचं.

तपासायची सोपी पद्धत आहे. ग्लास आतून ओला करा आणि त्यात मीठ शिंपडा. स्वच्छ काचेवर ते सगळीकडे सारखं चिकटतं, तेलकट जागी चिकटत नाही. बिअरच्या ग्लासांसाठी वेगळा मऊ स्पंज ठेवा, साबण पूर्ण जाईपर्यंत विसळा आणि फडक्याने न पुसता जाळीवर उलटे ठेवून वाळवा. फडक्याचे तंतू आणि वास दोन्ही ग्लासात राहतात. ग्लास फ्रीजरमध्ये ठेवून त्यावर बर्फ धरवणं मला पटत नाही. जीभ बधिर झाली की वासही कळत नाही आणि चवही.

आणि सजावटीशी जोडलेली एक गंमतीची बाब. काही बिअरच्या ग्लासांत आतल्या तळावर लेझरने बारीक खरवडलेली खूण असते. ती नुसती शोभेची नसते. त्या खरखरीत जागी विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बुडबुड्यांच्या रूपात सुटतो, बुडबुड्यांची सर वर चढत राहते आणि फेस ताजा राहतो. बाहेरून कितीही कोरलं तरी हे होत नाही. म्हणजे ग्लासच्या आतली एकमेव चालणारी नक्षी ती, आणि ती विकत घ्यावी, घरी करू नये.

येवलेकरीण

माहेर येवल्याचं, त्यामुळे माझ्या ग्लासांवर पैठणी उतरणारच होती. नारळी काठ बुडाशी गोल फिरवते, त्यावर एखादीच मुनिया, म्हणजे छोटा पोपट. मोर टाळते, कारण लहान वक्र काचेवर त्याचा पिसारा कोंबल्यासारखा दिसतो. काठाचा त्रिकोण मात्र ग्लासच्या गोलाईवर फार देखणा बसतो.

रंगांबद्दल नीट सांगते, कारण दुकानात दोन्ही प्रकार एकाच फळीवर असतात. एक असतात सॉल्व्हंटचे, न भाजता वाळणारे. ते खिडकीच्या काचेला आणि शोभेच्या बाटल्यांना छान, रोज धुवायच्या ग्लासला नाही. दुसरे पाण्याचे, भट्टीत पक्के होणारे. मी पेबिओचे व्हिट्रिया १६० वापरते. काच आधी स्पिरिटने पुसायची, मग बोट लावायचं नाही. बाहेरची रेष लायनरने काढून ती सुकू द्यायची आणि मग आत रंग भरायचा. २४ तास वाळवायचं. नंतर ओटीजी (घरचा छोटा विजेचा ओव्हन) थंड असतानाच ग्लास आत ठेवायचे, १६० अंशांवर नेऊन ४० मिनिटं भाजायचे आणि बंद करून आतच गार होऊ द्यायचे. गरम ओव्हनमध्ये गार काच ठेवली किंवा गरम काच ओट्यावर काढली तर ती तडकते.

आणि रंग निवडताना ग्लास रिकामा धरून निवडू नका! बिअर ओतली की मागची पार्श्वभूमी बदलते. गव्हाच्या फिकट, धुरकट पिवळ्यावर गर्द निळा आणि जांभळा उठतो, सोनेरी अगदी हरवतो. एल नावाच्या तांबूस बिअरवर हिरवा चांगला. स्टाउटसारख्या काळ्या बिअरवर फक्त पांढरा आणि चांदीचा, बाकी सगळे रंग मरतात. मी आता ग्लासात कोरा चहा भरून बाहेर रंगाचा ठिपका देऊन बघते. फिकट चहा म्हणजे लागर ही फिकट सोनेरी बिअर, कडक म्हणजे तांबूस एल.

पेठकडचा

वारली चित्रांचा विषय कोणीतरी काढणारच, म्हणून मीच काढतो. आमच्या पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर पट्ट्यात ही चित्रं भिंतीवर आहेत. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि वर्तुळ, त्रिकोण, चौकोन एवढ्यावर सगळं जग. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, तोवर ही कला देशाबाहेरही गेली होती. ती पिशवीवर, कपावर आली याचं मला वाईट वाटत नाही.

पण एक कळकळीची विनंती आहे. लग्नाचा चौक, ज्यात पालघट देवी असते, तो दारूच्या ग्लासवर काढू नका. ती नक्षी नाही. सवाशिणी तो लग्नाच्या वेळी काढतात आणि त्याशिवाय लग्न लागत नाही. तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याभोवतीचा गोल नाच काढा, झाडं काढा, कापणी काढा, बैल काढा. तारप्याचा गोल तर ग्लासभोवती फिरवला की कुठेच तुटत नाही. कागदावर तो कधीच असा दिसत नाही. आणि शक्य असेल तर आमच्याकडच्या चित्रकाराकडून काढून घ्या, त्याच्या कामाचे पैसे घासाघीस न करता द्या. माझ्या मित्रांनी घरच्या कार्यक्रमासाठी असाच संच करून घेतला. काळ्या स्टाउटवर पांढरी माणसं नाचताना पाहून सगळे थोडा वेळ नुसते बघत राहिले.

देवळालीकर

मी रंगवत नाही. साधे पाइंट ग्लास, बुडाला सुतळी आणि त्यात अडकवलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी. चिठ्ठीवर पाहुण्याचं नाव आणि बिअरचा प्रकार. ग्लास कोणाचा हा प्रश्न मिटतो आणि धुताना सगळं सोडवता येतं. मला एवढंच पुरतं.

इंदिरानगरची सून

आमच्या घरी बिअर पिणारे तिघं आणि न पिणारे पाच. कितीतरी बैठकांमध्ये मी पाहिलंय, पिणाऱ्यांना सुंदर ग्लास आणि बाकीच्यांना कागदी कप. हे मला पाहवत नाही. माझ्या सासूबाईंना ठिपक्यांची रांगोळी फार सुरेख येते. मी म्हटलं, "आई, तुम्ही काचेवर ठिपके मांडा, मी रेषा जोडते." त्या म्हणाल्या, "बिअरसाठी नाही हं मांडणार." मी सांगितलं की कोकम सरबत आणि पन्हंही यातच द्यायचं आहे. मग त्या बसल्या आणि उठेचनात.

आता सगळ्यांना एकसारखेच ग्लास मिळतात. कोकमाचा लाल रंग पांढऱ्या रांगोळीमागे असा काही दिसतो की बिअर पिणारेही आधी एक कोकम मागतात. मात्र बिअरचे ग्लास वेगळे धुवायचे हा सातपूरकर दादांचा नियम मी आजपासून पाळणार. पन्ह्याचे आणि त्यांचे एकत्रच घासत होते.

अंबडचा हातोडा

मी काच कोरतो आणि बाटल्या कापतो, म्हणून सुरक्षेचं लिहितो. बिअरच्या बाटलीचा ग्लास करताना कटरने एकच अखंड रेघ मारायची, मग त्या रेघेवर आलटून पालटून गरम आणि गार पाणी सोडायचं. रेघ नीट असेल तर बाटली तिथेच सुटते. खरं काम त्यानंतर. कड पाण्याखाली धरून वॉटर पेपरवर घासायची, आधी १२०, मग २२०, ४०० आणि शेवटी ६०० नंबर. आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही कडा. बोट फिरवल्यावर थोडीशी जरी टोचली तर तो ग्लास पिण्यासाठी नाही, पेन ठेवायला वापरा.

डायमंड बिटने कोरत असाल तर काच ओली ठेवा आणि मास्क लावा. काचेची कोरडी धूळ फुप्फुसात जाता कामा नये. टफन केलेला (उष्णता देऊन मजबूत केलेला) ग्लास कोरू नका, तो एका क्षणात पूर्ण फुटतो. काच खरवडून धुरकट करणाऱ्या एचिंग क्रीममध्ये फ्लोराइडची घातक रसायनं असतात. हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी आणि घरातली मुलं दूर, याशिवाय डबी उघडायची नाही. तपकिरी बाटली निवडा, उगाच रंगासाठी नाही. हॉप्समधली कडू द्रव्यं उजेडात बदलतात आणि बिअरला उग्र वास येतो, तपकिरी काच तो उजेड बऱ्यापैकी अडवते. हिरवी आणि बिनरंगी काच फारसा अडवत नाही, म्हणून त्या बाटल्या गच्चीच्या उन्हात ठेवू नका.

कॉलेज रोडवरचा खवय्या

खाण्याबद्दल कोणीच बोललं नाही! आपल्या मिसळीबरोबर कडक आयपीए (भरपूर हॉप्सची कडू बिअर) देऊ नका. हॉप्सचा कडूपणा आणि तिखट एकमेकांना चढवतात, दोन घासांत तोंड भाजतं. मिसळीला गव्हाची बिअर किंवा हलकी लागर. बेल्जियन पद्धतीच्या विटबिअरमध्ये धणे आणि संत्र्याची साल असते, ती मटकीच्या उसळीशी अगदी ओळखीची वाटते. आयपीए हवीच असेल तर लासलगावच्या कांद्याची भजी, मिरची बेताची ठेवून. आणि वांग्याचं खानदेशी भरीत स्टाउटबरोबर खाऊन बघा. स्टाउटमध्ये करपवल्यासारखं भाजलेलं धान्य असतं आणि भरितात धूर, दोघांचं छान जमतं. पुरणपोळीसोबतही स्टाउट चालते असं माझं मत आहे, घरातल्या मोठ्यांचं नाही.

चार प्रकार ठेवणार असाल तर फिकटपासून गडदकडे आणि कमी कडूपासून जास्त कडूकडे जा. प्रत्येकाला एका वेळी १५० मिलीच ओता. लहान ग्लासात बिअर गरम होत नाही आणि माणसं चव घेत बोलतात. स्टाउट फ्रीजमधून जरा आधी काढून ठेवा, १० ते १२ अंशांवर ती खुलते. ग्रोलरमध्ये (ताजी बिअर घरी न्यायच्या मोठ्या बाटलीत) भरून आणलेली बिअर दोन-तीन दिवसांत संपवा, उघडल्यावर तर त्याच संध्याकाळी. बिअर नकोच म्हणणाऱ्या पण काहीतरी हलकं हवं असणाऱ्या पाहुण्यांसाठी मी सेराना मीड्सचं मीड ठेवतो. मधापासून आंबवलेलं पेय आणि तेही आपल्या नाशिकचं.

द्राक्षवेल (गंगापूर रोड)

पेठकडच्या दादांचे विशेष आभार. चौकाबद्दल मला अंधूक माहिती होती, आता कोणी विचारलं तर नीट सांगता येईल. येवलेकरीण ताई, चहाची युक्ती आजच करून पाहिली. माझा हिरवा वेल गव्हाच्या बिअरवर फिका पडतो हे लगेच कळलं, आता पानं गर्द निळी करणार.

ओटीजी नसलेल्यांनी देवळालीकरांची सुतळी वापरावी किंवा ग्लासऐवजी काचेची बशी रंगवून त्यावर ग्लास ठेवावा. बशीला ओठ लागत नाहीत आणि ती बिअरच्या आड येत नाही. खाण्याचं मात्र बशीत काही वाढू नका, भट्टीत पक्क्या न झालेल्या रंगावर अन्न नको. नाशिक रोड आणि पंचवटीकडून अजून कोणीच लिहिलेलं नाही. लिहा, वाट पाहते.